आनुवंशिक, अनुवांशिक आणि मुंग्यांची राणी

प्रश्न असा आहे : 'मुंग्यांच्या राणीचा आकार अनुवांशिक असतो' या वाक्यात 'अनुवांशिक' बरोबर की 'आनुवंशिक'? आणि त्याऐवजी 'वंशपरंपरागत' लिहिलं तर चालेल का?

'आनुवंशिक'च बरोबर. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे इथे 'अ'चा 'आ' होतो : परंपरा-पारंपरिक, अनुषंग-आनुषंगिक. घोटाळा 'वांशिक'मुळे होतो. तो 'वंश'पासून झालेला आणि बिनचूक. पण त्याच्या आधी 'अनु' जोडून हा शब्द तयार होत नाही. (पारलौकिक, आधिभौतिक यांत दोन्ही पदांना वृद्धी आहे, पहिलं पद तिथेही सुटलेलं नाही.)

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. वंशपरंपरागत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काहीही : जमीन, व्यवसाय, आजार. आनुवंशिक म्हणजे फक्त जनुकांतून आलेलं. एरवी हा फरक निसटला तरी निभावतं, मुंग्यांच्या बाबतीत नाही.

सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, डंख मारणारी तांबडी मुंगी. तिची काही वारुळं एका राणीची, काही अनेक राण्यांची. एकराणी वारुळातली तरुण राणी कोशातून बाहेर आल्यावर अंगात भरपूर चरबी साठवते, उडून जाते आणि त्या शिदोरीवर एकटीच नवं वारूळ वसवते. अनेकराणी वारुळातली हलकीच राहते आणि बहुधा आधीच नांदत्या वारुळात शिरते. तिच्या मुलीही मग तशाच गर्दीत वाढतात आणि हलक्या राहतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत राण्यांची वारुळं बदलून पाहिली, तेव्हा जिथे वाढ पुरी झाली त्या वारुळाचा ठसा राणीवर उमटलेला दिसला. म्हणजे आईसारखी मुलगी झाली ती निव्वळ जनुकांमुळे नव्हे. घरही वारशात आलं. याला 'वंशपरंपरागत' खुशाल म्हणा, नुसतं 'आनुवंशिक' म्हणू नका.

जनुकांचा वाटा मात्र खराच आहे. एकराणी आणि अनेकराणी वारुळांतला भेद एका गुणसूत्रावरच्या, एकगठ्ठा पुढे जाणाऱ्या ६००हून अधिक जनुकांशी जोडलेला आहे, हे २०१३ साली दाखवलं गेलं. त्याला 'सामाजिक गुणसूत्र' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो : आपण ज्या दोन शब्दांना विरुद्ध टोकांना बसवतो, ते इथे विशेषण-विशेष्य होऊन शेजारी बसलेत.

आता 'आकार'. त्याचा पहिला अर्थ घडण : गोल, लांबट. लहानमोठेपणासाठी 'आकारमान' लिहा. आणि वजन त्याहून वेगळं. कोशातून बाहेर पडलेल्या मुंगीचं डोकं किंवा छाती पुन्हा वाढत नाही, ती मापं अळी असतानाच्या पोसण्यावर ठरून गेलेली असतात. चरबीने जड होतं ते पोट. वर तांबड्या मुंगीचं सांगितलं ते मुख्यतः वजनाचं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या टेम्नोथोरॅक्स रुगाट्युलसमध्ये मात्र राण्याच दोन मापांच्या असतात, थोराड आणि चणीने लहान. तिथे 'आकारमान' चपखल बसतो.

तेव्हा वाक्य असं करा : 'मुंग्यांच्या राणीचं आकारमान काही अंशी आनुवंशिक असतं, काही अंशी वारुळावर अवलंबून असतं.'