व्हीसीडी टाकू नका: जुन्या मराठी चित्रपटांची ब्लू-रे येईल तेव्हा येईल, आधी घरातली प्रत वाचवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत गावभागातल्या घरात वडिलांचा संग्रह आहे: दीडशेच्या आसपास व्हीसीडीचे संच, तीसेक डीव्हीडी आणि अकरा व्हीएचएस कॅसेट, बहुतेक कृष्णधवल मराठी चित्रपट. काही डिस्क मध्येच अडकतात. हे चित्रपट पुढेमागे स्वच्छ होऊन ब्लू-रेवर येणार असतील तर हा पसारा ठेवायचा कशाला, असं घरातले म्हणतात.

ठेवायचा. आणि त्याची प्रत या पावसाळ्याआधी करून घ्यायची.

ब्लू-रे निघायला काय लागतं ते आधी पाहू, म्हणजे किती वाट बघायची याचा अंदाज येईल. पहिली गोष्ट निगेटिव्ह, किंवा निदान तिच्यावरून काढलेली चांगली प्रिंट. १९५०च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेटते, आणि नाही पेटली तरी वर्षानुवर्षं आतून विरत जाते. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८च्या जाळपोळीत गेला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली मूळ रिळंही गेली. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म तशी पेटत नाही, पण दमट, उष्ण जागेत तिला व्हिनेगरचा वास सुटतो, ती आक्रसते आणि मग स्कॅनरमधून सरळ जात नाही. रंगीत चित्रपटांचं दुखणं वेगळं: निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि चित्र गुलाबी पडतं. सत्तरच्या दशकातल्या रंगीत मराठी चित्रपटांच्या सीडी तशा दिसतात त्या यामुळे, तुमच्या टीव्हीत बिघाड नाही.

जळालं म्हणजे संपलं असंही नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनला जळाल्या. उरलेले होरपळलेले तुकडे मऊ करून, तुकडा नव्हता तिथे दुसऱ्या प्रिंटमधून जोड देऊन २०१५ मध्ये ४के प्रत तयार झाली. पण दुसरी चांगली प्रिंट कुठेतरी होती म्हणून हे जमलं.

दुसरी गोष्ट हक्क. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६०चा चित्रपट २०२०च्या अखेरीस मोकळा झाला. पण त्यातल्या गीत-संगीताची मुदत वेगळी मोजतात, ती रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शिवाय हक्क मोकळे झाले म्हणून निगेटिव्ह कुणाला मिळत नाही. मोकळ्या चित्रपटाची डिस्क जुन्या टेपवरून कुणीही छापू शकतो, आणि तशाच भिकार प्रती बाजारात येतात. हक्क मोकळे व्हायची वाट बघणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

माझ्या मते सगळ्यात जास्त आशा प्रभातच्या चित्रपटांची. हक्क एका घराण्याकडे एकत्र आले, त्यांच्या डीव्हीडी पूर्वीच निघाल्या, आणि ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटाची व्हेनिसच्या १९३७च्या महोत्सवात दखल घेतली गेल्याने बाहेरच्या जगालाही त्यात रस आहे. सगळ्यात कमी आशा पन्नास-साठच्या दशकातल्या तमाशापटांची. निर्माता एक, पैसे दुसऱ्याचे, व्हिडिओचे हक्क तिसऱ्याला विकलेले, वारस चार गावांत विखुरलेले. आणि आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात याच चित्रपटांवर जीव टाकणारी माणसं सगळ्यात जास्त, याचं फार वाईट वाटतं. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात पुण्यात स्कॅनिंग आणि पुनरुज्जीवनाचं काम चालू आहे. मात्र चित्रपट दुरुस्त झाला म्हणजे डिस्क निघाली असं होत नाही. तो महोत्सवात किंवा थिएटरात दिसतो आणि तिथेच थांबतो. ब्लू-रे छापायला परवान्याचं शुल्क, ऑथरिंग (म्हणजे डिस्कची मांडणी आणि मेनू तयार करणं), किमान काही शे प्रतींची ऑर्डर लागते. ज्या बाजाराला मोझर बेअर या डिस्क कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडीची सवय लावली, तिथे हे गणित कुणी सहज मांडत नाही.

आता तुमच्या कपाटाचं मोल. दुरुस्ती करणाऱ्यांना रिळं सापडतात ती अर्धवट, क्रम चुकलेली, एखादं गाणं गळालेली. तेव्हा मूळ चित्रपट कसा होता हे ठरवायला ते कुठलीही जुनी व्हिडिओ प्रत आधाराला घेतात. नव्वदच्या दशकात टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावर, चढवलेली तुमची व्हीसीडी त्या वेळच्या प्रिंटवरून आलेली आहे, आणि ती प्रिंट आज असेलच असं नाही. म्हणून आपली प्रत पूर्ण आहे का, हे प्रत्येक संचाचं तपासून लिहून ठेवा.

तपासायची रीत सोपी आहे. डिस्क लावल्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. तिथे चित्र थांबवून मोबाईलने फोटो काढा. त्यावर लांबी मीटरमध्ये किंवा फुटांत असते, रिळांची संख्या असते, अर्जदार किंवा निर्मात्याचं नाव असतं. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर धावते. समजा लांबी ४,११५ मीटर आहे, तर चित्रपट १५० मिनिटांचा. पण व्हीसीडी आपल्याकडे पाल या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम. फिल्म २४ची. म्हणजे सगळं ४ टक्के जलद धावतं आणि १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. ही सहा मिनिटं कापलेली नाहीत, फार जण इथेच फसतात. मात्र सगळ्या डिस्कची बेरीज १३१ भरली तर १३ मिनिटं खरोखर गेली आहेत. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांचं, तेव्हा एक अख्खं रीळ आणि वर थोडं. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावतात. लांब चित्रपट दोन डिस्कमध्ये बसवायचा, तिसरीचा खर्च नको, म्हणून कात्री लागते, आणि ती बहुधा गाण्यावर किंवा मध्यंतराच्या आगेमागे लागते. तिथे आधी बघा.

जलद धावल्याचा दुसरा पुरावा कानाला मिळतो. आवाज साधारण पाऊण स्वर-घराने चढतो: काळी दोनमधलं गाणं पेटीवर लावून बघितलं तर पांढरी तीनच्या जवळ जातं, पण तिथेही नीट बसत नाही. मिरजेत तंबोरे लावणारे कान आहेत, त्यांना हे एका ओळीत कळेल. प्रत करताना हा वेग बदलू नका. फाईल आहे तशी ठेवायची, नंतर बघण्यापुरती वेगळी प्रत ९६ टक्के वेगाने करता येते.

आता अडकणाऱ्या डिस्क. खालची बाजू रुपेरी असेल तर ती छापलेली, निळसर, हिरवट किंवा जांभळी असेल तर कुणीतरी राईट केलेली. राईट केलेल्या आधी उरका, त्यांचा रंगथर उतरत जातो. व्हीसीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकर आणि शाई. म्हणून लेबलच्या बाजूचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. लेबलवर बॉलपेनने लिहू नका, चिकटपट्टी ओढून काढू नका, तिच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमही निघतं. डिस्क बल्बसमोर धरा: सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली माहिती गेली, कुठल्याही उपायाने परत येत नाही. डीव्हीडीत थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे ती वरून टणक, पण कडेने सांधा सुटला की हवा शिरते.

पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून नाही. मऊ मायक्रोफायबर कापड, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, चिकट डाग असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगतात. तो खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यावर कधी चालतो, पण तो घासकाम आहे, अगदी शेवटी.

प्रत करताना सगळ्यात मोठी चूक होते ती डिस्क उघडून त्यातली चित्रपटाची डॅट (.dat) फाईल कॉपी-पेस्ट करण्याची. डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असते. डीव्हीडीच्या प्रत्येक सेक्टरला भक्कम चूक-दुरुस्ती असते. व्हीसीडीत चित्राच्या सेक्टरमधली ती जागाही चित्रालाच दिलेली असते, सेक्टरमागे २,३२४ बाइट. म्हणून तर साध्या सीडीवर ८०० एमबीच्या आसपास चित्रपट मावतो. त्याची किंमत अशी की एक बारीक ओरखडा आला की विंडोज ‘कॉपी होत नाही’ म्हणून सगळं काम सोडून देतं, आणि चित्रपटाची शेवटची चाळीस मिनिटं चांगली असूनही हाती लागत नाहीत. आयसोबस्टर किंवा व्हीसीडीगिअर ही सॉफ्टवेअर वापरा. ती सेक्टर जसाच्या तसा उचलतात आणि चित्राचा प्रवाह एमपीजी फाईलमध्ये काढतात. वाचता न आलेला सेक्टर रिकामा सोडून पुढे जायचा पर्याय निवडा. क्षणभर चौकटी दिसतील, बाकी चित्रपट हाती येईल. ड्राईव्हचा वेग कमीत कमी ठेवा. अडलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राईव्हमध्ये घालून बघा, एकाला न वाचलेलं दुसऱ्याला वाचता येणं नेहमीचं आहे. लॅपटॉपच्या पातळ ड्राईव्हपेक्षा जुन्या डेस्कटॉपचा जाड ड्राईव्ह बरा.

डीव्हीडीला मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर पुरतं, आणि ओरखडे जास्त असतील तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू, ब्लॉक २,०४८ बाइटचा. डीडीरेस्क्यू व्हीसीडीवर चालवू नका, तो तिथले सेक्टर नीट उचलत नाही. ‘एकात तीन चित्रपट’ असलेल्या डीव्हीडीकडून फार अपेक्षा नको. ४.७ जीबीत १५० मिनिटांचा एक चित्रपट ठेवला तर सेकंदाला साधारण ४ मेगाबिट मिळतात. तीन कोंबले की दीडही धड नाही, आणि गर्दीच्या दृश्यात चेहऱ्यांचा लगदा होतो. तोच चित्रपट वेगळ्या डीव्हीडीवर असेल तर ती सांभाळा. हालचालीत प्रत्येक हाताला दुसरा पुसट हात दिसत असेल तर ती पालवरून एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीत बदललेली प्रत समजा. आणि जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, १.३७ ला १. रुंद पडदा भरलेला दिसला तर वर-खाली कापलंय: श्रेयनामावलीची वरची ओळ बघा, लगेच कळेल.

एआयने ४के करून देतो म्हणणाऱ्यांना मूळ फाईल द्या, पण मूळ म्हणून त्यांची फाईल ठेवू नका. व्हीसीडीच्या एका फ्रेममध्ये ३५२ गुणिले २८८, म्हणजे एक लाखाच्या जरा वर ठिपके. ब्लू-रेत वीस लाखांवर. मधलं सगळं संगणक मनाने भरतो. नटीच्या नथीचा आकार, लुगड्याचा काठ, डोळ्यांतला भाव, यातलं काहीही तो बदलू शकतो.

व्हीएचएसबद्दल एवढंच: कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड बिघडतं आणि बुरशी पुढच्या दहा कॅसेटना लागते. अशा वेगळ्या पिशवीत ठेवून टेप साफ करणाऱ्याकडेच द्या.

तुमचं कपाट तळमजल्यावर आहे, आणि गावभागात २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी आलं ते तुम्हाला सांगायला नको. सगळं वरच्या मजल्यावर हलवा, डिस्क उभ्या ठेवा. मऊ पीव्हीसीच्या चिकट पाकिटांतल्या बाहेर काढा. सिलिका जेल ठेवा, डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने पारदर्शक डब्या चिकट होतात. पुरात भिजलेल्या डिस्क असतील तर आतला कागद आधी वेगळा करा, चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्यात सोडा. वाळलेला चिखल पुसला की वाळू ओरखडे काढते.

संचामागे दीड जीबी धरला तरी व्हीसीडी सव्वादोनशे-अडीचशे जीबीत बसतात, डीव्हीडी धरून सगळं अर्ध्या टीबीत. एक टीबीच्या दोन हार्डडिस्क घ्या, एक घरी आणि एक नदीपासून लांब, तासगावला किंवा विट्याला नातेवाइकांकडे. प्रत्येक फोल्डरमध्ये मुखपृष्ठाचं स्कॅन, प्रमाणपत्राचा फोटो आणि चेकसम (फाईलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाईल बिघडली का ते तपासता येईल. प्रती घरापुरत्या ठेवा, यूट्यूबवर चढवू नका. हक्कदाराशी बोलायची वेळ आली की तेच आड येतं.

आणि बोलायचं जरूर. प्रमाणपत्रावरच्या निर्मात्याच्या वारसांना आणि पुण्याच्या संग्रहालयाला लिहा, पण ‘जुने चित्रपट ब्लू-रेवर आणा’ असं मोघम नको. चित्रपटाचं नाव, वर्ष, प्रमाणपत्र क्रमांक, रिळं, तुमच्या प्रतीची लांबी आणि त्यात कोणती गाणी आहेत हे लिहा. अशा पत्राचा काम करणाऱ्याला उपयोग होतो.

सुरुवात म्हणून राईट केलेल्या सगळ्या डिस्क आणि अडकणारे पहिले दहा संच घ्या. त्यांच्या प्रमाणपत्रांचे आकडे आणि डिस्कच्या आतल्या वळ्यावर कोरलेला नंबर इथे टाका. एकाच चित्रपटाच्या दोन छपाया असतील तर त्या नंबरावरून कळेल, आणि तुमच्याकडे गेलेलं रीळ दुसऱ्या कुणाच्या संचात आहे का ते बघता येईल.