नॉब असला म्हणजे मशीन यांत्रिक होत नाही

या खेपेला आलेल्या बहुतेक प्रश्नांत एकच गोंधळ आहे. नॉब म्हणजे यांत्रिक आणि दणकट, बटणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक आणि नाजूक, असं लोक धरून चालतात. दुकानदार त्याचाच फायदा घेतात, आणि चुकीच्या समजुतीवर वीस-तीस हजारांची खरेदी होते. म्हणून या विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): डिशवॉशर घ्यायचा आहे. शेजारचे काका सांगतात, बटणांच्या मशीनचं बोर्ड (मशीन चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी) वॉरंटी संपली की जातं, नॉबचाच घ्या. दुकानदाराने नॉबचं एक मॉडेल ‘हे मेकॅनिकल आहे’ म्हणून दाखवलं. घेऊ का?

उत्तर: तो नॉब यांत्रिक असण्याची शक्यता फार कमी आहे. आज आपल्याकडे घरगुती वापरासाठी विकले जाणारे डिशवॉशर जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉनिक आहेत. नॉब फिरवून तुम्ही फक्त आतल्या बोर्डाला कोणता प्रोग्रॅम हवा ते सांगता. खरा यांत्रिक टायमर वेगळा असतो. त्यात एक छोटी मोटर कॅमचा, म्हणजे उंचवटे असलेल्या चकत्यांचा, रोलर अगदी सावकाश फिरवते आणि कॅमवरचे उंचवटे एकेक कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी-तोडणारी पट्टी) दाबत-सोडत जातात: पाणी घे, हीटर लाव, पंप चालव, पाणी सोड. ओळखायची खूण सोपी आहे. धुणं चालू असताना नॉब आपोआप थोडा थोडा पुढे सरकत असेल तर टायमर यांत्रिक. जागचा हलत नसेल तर मागे बोर्ड आहे.

यांत्रिक टायमरचा एक गुण मान्यच करायला हवा. वीज गेली की तो होता तिथे थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतो. बोर्डाला हे लक्षात ठेवण्याची सोय मुद्दाम द्यावी लागते, म्हणून वीज परत आल्यावर चक्र पुढे चालतं की पहिल्यापासून सुरू होतं, हे खरेदीआधी विचारा. पण यांत्रिक टायमरही बिघडतोच. हीटरचा जड प्रवाह तोडताना ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट जळत जातात. शिवाय भांडी चार असोत वा चाळीस, तो ठरलेला वेळ घेणारच. इलेक्ट्रॉनिक मशीन पाण्याचं तापमान सेन्सरने मोजतं, आणि काही मॉडेल पाण्याचा गढूळपणा मोजून त्याप्रमाणे पाणी कमी-जास्त करतात. काकांचं बोर्ड गेलं असेल, पण ते का गेलं हे कोणी तपासलं होतं का? बोर्डावर वॉरंटी किती आणि तुमच्या भागात सेवा केंद्र कुठे, हे लेखी घ्या आणि मग ठरवा.

प्रश्न (जळगाव): सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा टायमर चुकून जास्त फिरवला तर उलटा आणला तर चालतो का?

उत्तर: नाही, आतली चक्रं खराब होतात. मशीन थांबवायचं असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा.

प्रश्न (सोलापूर): बीएलडीसी पंखा (आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेला, कमी वीज खाणारा) बसवला आहे. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून वेग कमी-जास्त केला तर?

उत्तर: करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून रेग्युलेटर काढा आणि तिथे साधा स्विच बसवा.

प्रश्न (ठाणे): फुल-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन सुरू होतं, दिवे लागतात, पण पाणी घेत नाही. तंत्रज्ञाने फोनवरच सांगितलं, बोर्ड गेलंय, साडेसहा हजार होतील. जुनं यांत्रिक मशीन असतं तर हा खर्च आला नसता ना?

उत्तर: फोनवर बोर्ड गेल्याचं निदान करणाऱ्याला घरी बोलावूच नका. ‘बोर्ड गेलं’ हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं, आणि आज ते सगळ्यात आधी येतं, कारण शोधण्यापेक्षा बदलणं सोपं आणि फायद्याचं असतं.

पाणी न घेण्याची साधी कारणं आधी पाहा. नळ पूर्ण उघडा आहे का? पाइप जिथे मशीनला जोडलेला असतो, तिथे आत एक बारीक जाळी असते. टाकीतला गाळ तिथे साचतो. नळ आणि प्लग दोन्ही बंद करून ती जाळी तुम्हीही धुऊ शकता. यापुढचं काम मात्र तंत्रज्ञाचं. इनलेट व्हॉल्व्हची (पाणी आत सोडणाऱ्या झडपेची) कॉइल तुटली आहे का, झाकणाचा किंवा दाराचा स्विच लागतो आहे का, पाण्याची पातळी सांगणारा प्रेशर स्विच आणि त्याची बारीक नळी ठीक आहे का, हे मीटर लावून बघायचं असतं. व्हॉल्व्हपर्यंत वीज पोचत असेल आणि तरी तो उघडत नसेल, तर दोष व्हॉल्व्हचा आहे, बोर्डाचा नाही. यांत्रिक टायमरच्या मशीनमध्येही हाच व्हॉल्व्ह असतो आणि तोही असाच अडतो.

समजा बोर्डच गेलं, तरी पुष्कळदा त्यातला फ्यूज, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजचा झटका झेलणारा भाग) किंवा एखादा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) एवढंच जळलेलं असतं. काही कंपन्या ओलाव्यापासून बचाव म्हणून बोर्ड रेझिनमध्ये बुडवून टाकतात, तिथे दुरुस्ती अवघड होते. पण प्रत्येक बोर्ड तसं नसतं. म्हणून दोष काय सापडला ते बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे अनेक सुटे भाग, त्यात बोर्डही आलं, निदान 10 वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे मिळावी हा त्याचा हेतू आहे. आपली कंपनी त्यावर आहे का ते पाहा, आणि फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्याआधी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून मीटर लावून तपासणी करून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): दमट हवेने बोर्ड खराब होतं म्हणून मशीन कायम प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवते. बरोबर ना?

उत्तर: नाही, त्याने ओल आत कोंडते. धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवून मशीन पूर्ण वाळू द्या, आणि मगच कव्हर घाला.

प्रश्न (नाशिक): गीझर पाणी कोमट झालं की बंद व्हायचा. ओळखीच्या वायरमनने थर्मोस्टॅट ‘डायरेक्ट’ करून दिला. आता पाणी छान कडक येतं. साधा गीझर आहे, बोर्ड वगैरे काही नाही, त्यामुळे धोका नाही असं तो म्हणतो. चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. आत्ता उठून गीझरचा स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत घरातल्या कोणालाही तो लावू देऊ नका.

‘डायरेक्ट केलं’ हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. डायरेक्ट करणं म्हणजे संरक्षण काढून तिथे वायरचा तुकडा जोडणं. ती दुरुस्ती नव्हे. तुमच्या गीझरमध्ये बोर्ड नाही, म्हणजे त्याची सगळी बुद्धी त्या थर्मोस्टॅटमध्येच होती. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणं हे त्याचं एकमेव काम, आणि तेच काढून टाकलं आहे.

हिशेब करून पाहा. 15 लिटरची टाकी आणि 2 किलोवॅटचा हीटर धरा. हिवाळ्यात 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर यायला साधारण 21 मिनिटं लागतात. 60 वरून 100 वर जायलाही तेवढीच. म्हणजे गीझर लावून कोणी फोनवर बोलत बसलं, तर पाऊण तासात पाणी उकळण्याच्या पातळीला येतं. बंद टाकीत दाबाखाली ते 100 अंशांच्याही पुढे जातं. अशी टाकी फाटली की दाब एकदम सुटतो, त्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते. न्हाणीघरात एवढी जागा नसते. भिंती फुटतात, माणसं भाजतात.

थर्मोस्टॅटच्या मागे दुसरा पहारा असतो तो थर्मल कटआउटचा, म्हणजे पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या स्विचचा. पुष्कळ गीझरमध्ये हे दोन्ही एकाच वायरवर ओळीने जोडलेले असतात, आणि डायरेक्ट करणारा बरेचदा दोन्ही एकदमच टाळतो. तिसरा पहारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचा. बोअरचं जड पाणी असलं तर त्यात क्षार बसून तो जाम झालेला असू शकतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे स्क्रू पिळला, तर त्या कुकरजवळ कोणी उभं राहील का?

आणि मूळ तक्रारीचं कारण काय होतं? थर्मोस्टॅट थकलेला असेल, त्याचं सेटिंग खाली आलेलं असेल, किंवा हीटरवर क्षारांचा थर चढला असेल. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. डिस्प्ले असलेल्या महागड्या गीझरमध्येही बोर्डाच्या जोडीला वेगळा यांत्रिक कटआउट दिलेला असतो, कारण बोर्ड चुकलं तरी वीज तुटली पाहिजे. कोणत्याही उपकरणात ही साखळी तोडू नका. इस्त्रीचा थर्मोस्टॅट डायरेक्ट केला की कपड्यांबरोबर घरही पेटू शकतं. वॉशिंग मशीनच्या झाकणाचा स्विच डायरेक्ट केला की लहान मुलाचा हात फिरत्या ड्रममध्ये जाऊ शकतो.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला किंवा परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह आणि अर्थिंग, चारही तपासून घ्या. आणि त्या वायरमनने आणखी कोणाकोणाचे गीझर असे करून दिले आहेत, ते विचारून त्या घरांनाही कळवा.

प्रश्न (कराडजवळचं गाव): जुना फ्रिज स्टॅबिलायझरशिवाय वर्षानुवर्षं चालला. नव्या इन्व्हर्टर (बोर्डाने मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) फ्रिजवर ‘स्टॅबिलायझर-फ्री’ लिहिलं होतं, तरी बोर्ड जळलं. ही फसवणूक नाही का?

उत्तर: अर्धीच. ‘स्टॅबिलायझर-फ्री’ला मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरात छापलेली असते, अमुक व्होल्टपासून तमुक व्होल्टपर्यंत. विक्रेता ती कधी वाचून दाखवत नाही.

वरची मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सैल झाल्यामुळे. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं 400 व्होल्टच्या मधे एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात भार कमी, तिथे 230 चे 300 च्या वर होतात आणि दुसरीकडे दिवे मिणमिणतात. काही दिवे भगभगीत आणि काही मंद दिसले, तर लगेच मेन स्विच पाडा आणि महावितरणला कळवा. बोर्डावरचा व्हॅरिस्टर क्षणभराचा झटका झेलतो, मिनिटभर टिकणारा जादा दाब तो झेलू शकत नाही. बाजारातली स्पाइक गार्डची पट्टीही इथे उपयोगाची नाही. लागतं ते व्होल्टेज जास्त किंवा कमी झाला की लाइन तोडणारं आणि थोड्या वेळाने जोडणारं यंत्र. तुमच्या घराला ते कोणत्या क्षमतेचं हवं, हे भार मोजून इलेक्ट्रिशियनच सांगू शकेल.

प्रश्न (सांगली): आई ऐंशीच्या घरात आहे, एकटी राहते. तिच्यासाठी मायक्रोवेव्ह टचचा घ्यावा की नॉबचा?

उत्तर: दोन नॉबचा घ्या. एक शक्तीचा, एक वेळेचा. तिला दुकानात नेऊन तिच्याच हाताने फिरवून बघू द्या.

प्रश्न (नागपूर): नवीन फ्रंट-लोड मशीनला ओल्या हाताने शिवलं की झिणझिण्या येतात. जुन्या टायमरच्या मशीनला कधी येत नव्हत्या. कंपनीचा माणूस म्हणाला, मशीन चांगलं आहे. दिवाळीनंतर बघून घेऊ का?

उत्तर: दिवाळीपर्यंत थांबू नका. कंपनीचा माणूस बरोबर असू शकतो, तरीही तुमचं घर धोक्यात असू शकतं. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्याचे कपॅसिटर मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो आणि तुम्हाला जाणवतही नाही. झिणझिण्या येतात याचा अर्थ त्या सॉकेटचं अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. जुन्या मशीनमध्ये हा फिल्टर नव्हता, म्हणून दोष दिसत नव्हता.

पण झिणझिण्या फिल्टरच्या आहेत की हीटरचं किंवा मोटरचं इन्सुलेशन गेलं आहे, हे हाताला कळत नाही. दुसरं कारण असेल तर पुढचा स्पर्श जिवावर बेतू शकतो. आज प्लग काढून ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, इन्सुलेशन तपासून घ्या, आणि घराच्या मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. तोवर कपडे हाताने धुवा.