मेलाटोनिनच्या गोळीमुळे मेंदूतले सेरोटोनिन आणि डोपामिन कमी होते का?

आपण विचारले आहे की मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक जर सेरोटोनिनपासूनच तयार होत असेल, तर रोज रात्री 3 मिलिग्रॅमची गोळी घेतल्याने सेरोटोनिन संपत जाईल का, डोपामिन दबेल का आणि ही गोळी किती महिने चालू ठेवावी. सेरोटोनिनबद्दलचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. डोपामिनबद्दलचा प्रश्न मात्र आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी एका वाक्यात निकालात काढला गेला होता आणि त्यानंतर माझ्या वडिलांचे मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आण्णा एसटीत चालक होते. कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर, आंब्याच्या घाटातून, त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी ते झोपेत ब्रेक दाबू लागले. पहाटेच्या सुमारास उजवा पाय पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर धाडकन आपटायचा, "अरे, बाजूला हो!" अशी हाक यायची आणि जागे केल्यावर ते शांतपणे सांगायचे की वळणावर म्हैस आडवी आली होती. आईने आपले अंथरूण खाली घातले, आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू जवळजवळ पूर्ण शिथिल असावे लागतात. ती शिथिलता नाहीशी झाली की माणूस स्वप्न अक्षरशः हातापायांनी जगतो. अमेरिकेत मिनेसोटातील शेंक आणि माहोवाल्ड या संशोधकांनी 1986 मध्ये माणसांमधील या विकाराचे वर्णन केले आणि पुढे लक्षात आले की अशा अनेक रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन्स (कंपवात) होतो. आण्णांचा हात थरथरू लागला तो ब्रेकचा खेळ सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी.

मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरलेल्या वेळी सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी, जिच्यापासून मेंदूत डोपामिन बनते) आणि रात्री 3 मिलिग्रॅम मेलाटोनिन लिहून दिले, पुढे ते 6 केले. या विकारासाठी क्लोनाझेपामही देतात, परंतु चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या गुंगीत लघवीला उठला तर तोल जाईल, म्हणून त्यांनी ते टाळले. महिन्याभरात आरडाओरडा बराच उतरला. त्यानंतर दिवाळीला दादा आला. तो औषध कंपनीत प्रतिनिधी आहे आणि घरात औषधांवरचा शेवटचा शब्द त्याचा, अशी समजूत त्याने स्वतःच रुजवली आहे. त्याने कुठेसे वाचले होते की मेलाटोनिन डोपामिनचे स्रवण रोखते. "आजार डोपामिन कमी पडण्याचा, आणि तुम्ही त्यांना डोपामिन दाबणारी गोळी देता?" एवढे बोलून त्याने गोळ्यांची पट्टी उचलून कपाटात टाकली आणि गोळीच्या जागी पेलाभर हळदीचे दूध सुरू केले. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. तरीही त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. अकराव्या रात्री आण्णा पलंगावरून खाली आले, हात कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला आणि मनगट मोडले.

दादाने वाचलेले वाक्य खोटे नव्हते, ही खरी अडचण. 1983 मध्ये डुबोकोविच या संशोधकांनी सशाच्या दृष्टिपटलात दाखवले की मेलाटोनिनची अत्यल्प मात्राही तेथील डोपामिनचे स्रवण अडवते, आणि त्याच सुमारास उंदरांच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातही तसाच परिणाम आढळला होता. दृष्टिपटलात ही दिवसपाळी आणि रात्रपाळीची वाटणी आहे: उजेडात डोपामिन, अंधारात मेलाटोनिन, आणि दोघेही एकमेकांना मागे रेटतात. हे रेटणे दुसऱ्या दिशेनेही चालते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पीनियल ग्रंथीत (मेंदूतील मेलाटोनिन बनवणाऱ्या ग्रंथीत) डोपामिनचे डी-4 ग्राहक, म्हणजे पेशीवर डोपामिनचा संदेश टिपणारी प्रथिने, रात्र सरताना नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या ग्राहकांशी जोडले जाऊन मेलाटोनिनची निर्मिती थांबवतात. परंतु दृष्टिपटलातली गोष्ट उचलून सब्स्टॅन्शिया नायग्रा या हालचालींशी संबंधित मेंदूच्या भागावर चिकटवता येत नाही. पार्किन्सन्समध्ये तेथील डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात आणि ती उणीव आपण लेव्होडोपाने भरून काढतो. अशा रुग्णांना रात्री काही मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन झालेल्या ज्या चाचण्या मी वाचल्या, त्यांत हालचाल सुधारली नाही, पण बिघडलीही नाही.

बिघडवले असेल तर ते दुधाने. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे आणि आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाताना त्याला प्रथिनांतून येणाऱ्या इतर अमिनो आम्लांशी एकाच वाहकासाठी (पलीकडे नेणाऱ्या प्रथिनासाठी) स्पर्धा करावी लागते. दादाच्या आग्रहामुळे आण्णा रात्री नऊची सिंडोपा त्याच दुधाबरोबर घेत होते आणि त्या दहा दिवसांत त्यांना अंथरुणात कूस बदलणेही जड जात होते, हे आईने नंतर सांगितले. डोपामिनच्या काळजीने पेटलेल्या माणसाने डोपामिनचा कच्चा मालच दारात अडवला होता! दुधातल्या ट्रिप्टोफॅनमुळे झोप येते हेही त्याचेच म्हणणे, पण ट्रिप्टोफॅनलाही त्याच वाहकाच्या रांगेत उभे राहावे लागते आणि दुधातली बाकीची अमिनो आम्ले तेथे संख्येने भारी पडतात.

आता सेरोटोनिन. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, त्यापासून एन-अ‍ॅसिटिलसेरोटोनिन आणि त्यापासून मेलाटोनिन, हा क्रम बरोबर आहे. मात्र तो पीनियल ग्रंथीच्या पेशींत तिच्या स्वतःच्या साठ्यातून चालतो. दिवसा तेथे सेरोटोनिन साठते, अंधार पडल्यावर नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या इशाऱ्याने एक विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि रात्री त्या ग्रंथीपुरते सेरोटोनिन घटते. "मेलाटोनिन सेरोटोनिन खाते" ही समजूत बहुधा येथूनच निघाली असावी. मनःस्थितीशी ज्याचा संबंध जोडला जातो ते सेरोटोनिन मेंदूच्या खोडातील राफे केंद्रके नावाच्या पुंजक्यांतल्या पेशी स्वतः बनवतात. आणि गोळीतून मिळते ते तयार मेलाटोनिन. ते बनवायला आपले सेरोटोनिन खर्च होण्याचा प्रश्नच येत नाही.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. आपण फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचे औषध घेत असाल तर मेलाटोनिन स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका, कारण ते औषध यकृतातील मेलाटोनिन मोडणारे विकर अडवते आणि रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय परदेशातून मागवलेल्या डब्यांवर विसंबू नका. 2017 मध्ये कॅनडात तपासलेल्या 31 उत्पादनांत मेलाटोनिनचे प्रमाण वेष्टनावरील आकड्यापेक्षा 83 टक्के कमी ते 478 टक्के जास्त निघाले आणि 8 उत्पादनांत चक्क सेरोटोनिन सापडले. किती महिने घ्यावी हे गोळी कशासाठी लिहून दिली आहे यावर ठरते, आणि ते कारण आपण प्रश्नात दिलेले नाही.

दादाच्या बाजूने एवढे मान्य करतो की 2020 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत 4 मिलिग्रॅम मेलाटोनिनने झोपेतल्या हालचाली कमी झाल्या नाहीत, आणि त्या रात्री गोळी चालू असती तरी आण्णा पडले असते, असे म्हणायला जागा आहे. त्याने गोळी थांबवण्यापूर्वी डॉक्टरांना एक फोन केला असता, तर मी हे सारे लिहिले नसते. आण्णांची गादी आता जमिनीवर आहे, कपाट दुसऱ्या खोलीत हलवले आहे आणि सिंडोपा जेवणापूर्वी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर दिली जाते. दूध सकाळी.