दुकानात गिऱ्हाईक हवे, मुलगा मात्र नको

'नाशिकरोडला माझे व्हिडिओ गेमचे दुकान आहे. सोळा वर्षे झाली. गेल्या दोन वर्षांत गिऱ्हाईक निम्म्यावर आले आहे. मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून 61 टक्के गुण मिळवून बारावी उत्तीर्ण झाला. त्याला दुकानातच बसायचे आहे. त्याने बीबीए आणि पुढे मार्केटिंगमध्ये एमबीए करावे, म्हणजे गिऱ्हाईक कसे आणायचे हे तो रीतसर शिकेल, असे मला वाटते. त्यासाठी चार लाखांचे कर्ज काढण्याची तयारी आहे. तोवर दुकानात पाऊल टाकू नकोस, असे मी त्याला बजावले आहे. कमी खर्चात दुकान सावरण्याचा काही मार्ग असल्यास तोही सांगावा.' – एक पालक

तुमच्या चार पानी पत्राचा सारांश वर दिला आहे. त्यातल्या 61 टक्क्यांची मला मुळीच काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तिसऱ्या पानावर तुम्ही मुलाची तक्रार म्हणून लिहिलेल्या एका प्रसंगाने, आणि उत्तराची सुरुवात मी तिथूनच करणार आहे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी जीटीए 5 ची डिस्क मागायला आल्या. तुम्ही डिस्क काढून काउंटरवर ठेवलीही होती. तेवढ्यात तुमच्या मुलाने त्यांना दोन प्रश्न विचारले: मुलाचे वय किती, आणि घरच्या पीएस 5 ला, म्हणजे प्लेस्टेशन 5 या गेमच्या यंत्राला, डिस्क घालायची खाच आहे का? बाईंनी घरी फोन लावला, तेव्हा खाच नसल्याचे कळले. मग मुलाने त्यांना सांगितले की हा खेळ अठरा वर्षांवरील लोकांसाठी आहे आणि तुमच्या यंत्रात ही डिस्क चालणारही नाही. त्याने त्यांना ऑनलाइन स्टोअरचे वॉलेट कार्ड, म्हणजे ज्याच्या पैशांत डिस्कशिवाय थेट यंत्रावर गेम घेता येतो ते कार्ड, दिले आणि बिलाच्या मागे 'ॲस्ट्रो बॉट' या लहान मुलांनाही चालणाऱ्या खेळाचे नाव लिहून दिले. मोठी विक्री घालवली म्हणून तुम्ही त्याला त्या बाईंसमोरच झापले. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिता की महिन्याभराने त्याच बाई सोसायटीतल्या दोघींना घेऊन आल्या, 'तो मुलगा कुठे आहे?' असे त्यांनी विचारले आणि तो नाही म्हटल्यावर काही न घेता परत गेल्या.

ही ओळ तुम्ही पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे. एक पैसाही खर्च न करता तीन गिऱ्हाइके दुकानात चालत आली होती, आणि ती ज्याच्यासाठी आली त्याला तुम्ही घरी बसवले होते. गिऱ्हाईक आणण्याची विद्या शिकवण्यासाठी ज्याच्यावर तुम्ही चार लाख खर्च करायला निघाला आहात, त्याला त्या विद्येतला पहिला धडा आधीच येतो. तुमच्या पत्रात एके ठिकाणी, खोडून पुन्हा लिहिलेले, असेही एक वाक्य आहे की नातेवाईक विचारतात तेव्हा 'गेमच्या दुकानात बसतो' असे सांगायला लाज वाटते. मला वाटते, बीबीएचा आग्रह या वाक्यातून आला आहे, दुकानाच्या काळजीतून नव्हे. ज्या दुकानावर सोळा वर्षे घर चालले त्याची लाज वाटत असेल, तर ती गोष्ट मुलाच्या शिक्षणाशी न जोडता स्वतःशीच सोडवावी लागेल. मुलाच्या माथी चार लाखांचे कर्ज मारून ती सुटणार नाही.

शिक्षणाचे थोडक्यात सांगतो. बीबीएच्या प्रवेशासाठी 2024 पासून राज्याची सीईटी असते; मुलाने ती दिली आहे की नाही, याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. त्याने बी.कॉम. करावे. नियमित महाविद्यालयात करावे किंवा तुमच्याच गावात मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करावे. दोन्हींची फी कर्जाशिवाय झेपण्यासारखी असते. एमबीएचा विचार पदवीनंतरही करता येतो.

आता तुमच्या मनात घट्ट बसलेल्या एका समजाबद्दल. ऑनलाइनपेक्षा आपला माल महाग पडतो म्हणून गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा सूट द्यावी आणि सवलतीचा फलक लावावा, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचेच आकडे घेऊ. 4,999 रुपयांच्या नव्या डिस्कवर तुम्हाला साधारण 400 रुपये सुटतात. पाच टक्के सूट दिली की त्यातले 250 गेले आणि हातात 150 उरले. म्हणजे पूर्वी तीन डिस्क विकून जे 1,200 रुपये मिळत, तेवढे मिळवायला आता आठ डिस्क विकाव्या लागतील, आणि एवढे करूनही मोठी संकेतस्थळे सणाच्या सेलमध्ये तुमच्या खालीच भाव लावतील. किमतीच्या कुस्तीत छोटा दुकानदार पहिल्याच डावात चीत होतो. शिवाय तुमची खरी स्पर्धा निव्वळ संकेतस्थळांशीही नाही. रस्त्यावरून जाणारी बहुतेक मुले फोनवर फुकटचे गेम खेळतात, आणि डिस्कची खाचच नसलेली यंत्रे आता सर्रास विकली जातात. घसरण तुमच्या फलकाच्या रंगामुळे झालेली नाही, त्यामुळे नवा फलक लावून ती थांबणारही नाही. दुकानात यायला लोकांना असे कारण हवे की जे फोनवर मिळत नाही.

असे पहिले कारण म्हणजे आईवडील. गेम खेळते मूल, पण पैसे मोजतात पालक, आणि ते तुमच्या दुकानात शिरायला बिचकतात. दुकानाचा फोटो तुम्ही पाठवला आहे. दर्शनी काच बंदुका रोखलेल्या माणसांच्या पोस्टरांनी पूर्ण झाकलेली आहे आणि आत काय चालते ते बाहेरून दिसत नाही. सातवीतल्या मुलीचा हात धरून आलेली आई अशा दारातून आत जाणार नाही. पोस्टर उतरवा आणि काच पुसा. याला खर्च शून्य आहे. दाराशेजारी एक फळी लावून तिच्यावर वयानुसार डिस्क मांडा. बहुतेक वेष्टनांवर वयाची खूण असते: युरोपच्या पेगी पद्धतीत 3, 7, 12, 16 आणि 18 असे आकडे, तर अमेरिकेच्या पद्धतीत अक्षरे. त्यांचा अर्थ साध्या मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून लावा. त्याच पुठ्ठ्यावर, पीएस 4 ची जवळजवळ प्रत्येक डिस्क खाच असलेल्या पीएस 5 मध्ये चालते, खाच नसलेल्या यंत्रात कोणतीच डिस्क चालत नाही, आणि दुसऱ्या देशाचे वॉलेट कार्ड भारतीय खात्यावर चालत नाही, या तीन गोष्टीही लिहा. चुकीची वस्तू घेऊन फसलेल्या पालकाला या तीन ओळींचे मोल कळते. आणि हे समजावून सांगायला काउंटरमागे कोण असावे, ते त्या तीन बायकांनी तुम्हाला सांगितलेच आहे.

दुसरे कारण जुन्या डिस्कचे. जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके विकायला आणि घ्यायला जी गर्दी होते ती आठवा. एक खेळ खेळून संपला की त्याची डिस्क घरातल्या खणात पडून राहते. ती दुकानात आणली तर रोख 1,000 किंवा दुकानातच वापरायची 1,300 रुपयांची जमा, असे दोन पर्याय ठेवले, तर बरेच जण जमा घेतील आणि तिथेच दुसरी डिस्क निवडतील. आकडे उदाहरणादाखल आहेत; ते तुम्ही तुमच्या मालाप्रमाणे ठरवा. अमेरिकेतल्या गेमस्टॉपसारख्या साखळीनेही वर्षानुवर्षे जुन्या डिस्कच्याच उलाढालीवर मोठा नफा कमावला, कारण नव्या मालाचा भाव कंपनी ठरवते आणि जुन्याचा दुकानदार. मात्र डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहणे आणि यंत्रात घालून चालवून बघणे चुकवू नका. विकणाऱ्याचे नाव, फोन आणि ओळखपत्राची नोंद वहीत करा, नाहीतर चोरीचा माल तुमच्या कपाटात सापडेल. शाळकरी मुलगा एकटाच डिस्क विकायला आला, तर त्याच्या घरी फोन केल्याशिवाय घेऊ नका. पत्रात तुम्ही डिस्क भाड्याने देण्याचा विचार मांडला आहे. तो मला पटत नाही. संगणकीय आज्ञावलीची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या 14 व्या कलमाने हक्कधारकाला दिलेला आहे, आणि स्वस्तातल्या उपायापायी कायद्याची कटकट मागे लावून घेण्यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट तुमच्याच हातात आहे, अगदी अक्षरशः. सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही कॅसेटवाले टीव्ही गेम दुरुस्त करत होता, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. आजच्या कंट्रोलरची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राची, सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे ड्रिफ्ट: त्यावरच्या दिशा देणाऱ्या काडीला हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत राहतो. कधी नुसत्या सफाईने काम होते, कधी काडीचा सुटा भाग काढून नवा सोल्डर करावा लागतो. नवा कंट्रोलर काही हजारांना पडतो, त्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस गावात आहे हे कळले की लोक शोधत येतात, आणि दुरुस्तीसाठी आलेला माणूस दोनदा येतो, एकदा द्यायला आणि एकदा न्यायला. सोल्डरिंगचा तुमचा हात आणि नव्या यंत्रांची मुलाची माहिती एकत्र आली, तर हे काम उभे राहील. मुलाला दुकानाबाहेर ठेवून ते होणार नाही.

'पोरे नुसती खेळतात, घेत काही नाहीत' म्हणून तुम्ही डेमोचा टीव्ही बंद केला, तोही चालू करावा, पण शिस्तीने. त्याचे तोंड रस्त्याकडे करा, दोघांनी खेळायचा आणि चार-पाच मिनिटांत डाव संपणारा टेकनसारखा खेळ ठेवा, आणि एका जोडीला एकच डाव द्या. पाहणारी चार डोकी काचेबाहेर थांबली की पाचवे आपोआप थांबते. महिन्यातून एका रविवारी फुटबॉलच्या खेळाची बाद फेरीची स्पर्धा घ्या. सोळा खेळाडूंना पंधरा सामने लागतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटे धरली आणि यंत्रे दोन असली, तर सगळे दोन तासांत उरकते आणि संध्याकाळचा धंदा मोकळा राहतो. प्रवेश विनामूल्य ठेवा आणि बक्षीस म्हणून दुकानातली 500 रुपयांची जमा द्या. पैसे गोळा करून त्यातून रोख बक्षीस वाटण्याच्या फंदात पडू नका. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. तुमची स्पर्धा ऑनलाइन नसली तरी 'दुकानात जुगार चालतो' ही कुजबुज एकदा पसरली, की वर सांगितलेल्या आया पुन्हा फिरकणार नाहीत.

गूगल नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. वेळ, फोन आणि पुसलेल्या काचेचा फोटो तिथे टाका. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक आवृत्तीतून गिऱ्हाइकांची यादी करून संदेश पाठवता येतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच यादीवरचा संदेश पोहोचतो. म्हणून बिल देतानाच तो जतन करून घ्यावा. आठवड्याला एकच संदेश पाठवा, तोही नव्याने आलेल्या जुन्या डिस्कचा. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक दुसऱ्या आठवड्यात बंद करून टाकतात.

तेव्हा चार लाखांचे कर्ज काढू नका. मुलाचा बी.कॉम.ला प्रवेश घ्या, आठवड्यातल्या चार संध्याकाळी आणि रविवारी त्याला काउंटरवर बसवा आणि सहा महिन्यांसाठी दहा हजार रुपये त्याच्या हातात द्या. त्यांचा हिशेब त्याने द्यायचा. त्याने एक वही घालावी: आज कोण आले, कशासाठी आले, काय घेतले, दुकानाविषयी कुठून कळले, आणि काही न घेता गेले असतील तर का. शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय दुकानाचे शटर खाली ओढू नये. या काळात गिऱ्हाइकासमोर त्याला बोलायचे नाही, एवढे बंधन तुमच्यावर राहील. चुकला तर शटर ओढल्यावर सांगा.

सहा महिन्यांनी ती वही तुम्ही दोघांनी समोर ठेवावी. येणाऱ्यांची संख्या जराही वाढली नसेल, तर दुकान आता दुरुस्ती आणि जुन्या मालापुरते आटोपशीर करायचे का, याचा विचार करा, आणि मुलाला बीबीएच हवे असेल तर त्याने पुढच्या वर्षीची सीईटी द्यावी. त्यासाठीचे पत्र मात्र त्याने स्वतः लिहावे. तुमच्या चार पानांत त्याला काय वाटते याची एकच ओळ आहे, आणि तीही तुमच्या शब्दांत आहे.