लेसरने चरबी काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी

सर्वप्रथम पोटाची चरबी चिमटीत धरून पाहा. चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी, आणि लेसरचा परिणाम केवळ तिच्यावरच होतो. आतड्यांभोवती साठलेली, मधुमेहाशी नाते असलेली चरबी त्याने हलत नाही. त्यामुळे ‘वजन उतरेल’ असे कोणी सांगत असेल, तर तेथून सरळ उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरून दिल्या जाणाऱ्या उपचारात १०६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने सुमारे २५ मिनिटे चरबीच्या पेशी ४२ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि शरीर त्या पुढील काही आठवड्यांत हळूहळू बाहेर टाकते. भूल नाही, टाके नाहीत. पण फरक माफकच दिसतो.

दुसऱ्या प्रकारात बारीक छेदातून लेसरचा तंतू त्वचेखाली नेऊन चरबी वितळवतात आणि बहुधा शोषून घेतात. येथे फरक अधिक ठळक असतो व त्वचाही काहीशी आवळते, मात्र ही शस्त्रक्रियाच आहे. सूज, काळेनिळे डाग, बधिरपणा आणि काही आठवडे घट्ट पट्टा हे गृहीतच धरा. खरी काळजी त्वचा भाजण्याची आणि ती उंचसखल होण्याची, कारण ते दुरुस्त करणे फार अवघड जाते. म्हणून सवलतीची जाहिरात बाजूला ठेवून डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, ते आधी तपासा. वजन अजून वरखाली होत असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर सध्या थांबा.