पार-२ आधी पुढच्या टोकाला दिसलं, म्हणजे स्ट्रेन बिघडलाय का?

तुमच्या फिल्ममध्ये सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या एकपेशीय भ्रूणात जीएफपी-पार-२ (पेशीचं मागचं टोक ठरवणारं पार-२ प्रथिन, चमकणारं जीएफपी जोडलेलं) आधी पोलर बॉडीजवळ, म्हणजे अंडपेशीने टाकलेल्या छोट्या पेशीजवळ, चमकलं, मग तिथून गेलं आणि मागच्या टोकाला आलं. स्ट्रेन, म्हणजे तुमचा किड्यांचा वाण, ठीक आहे. मिओसिस (अंडपेशीचं गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) चालू असताना पुढच्या टोकाला, मिओटिक स्पिंडल या गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेजवळच्या कॉर्टेक्सवर, म्हणजे पेशीच्या पटलालगतच्या थरावर, पार-२ काही भ्रूणांत थोडा वेळ दिसतंच. तुमचं चित्रण नेहमीपेक्षा लवकर सुरू झालं, इतकंच.

खरी ध्रुवता, म्हणजे पेशीचं पुढचं आणि मागचं टोक, त्यानंतर ठरते. शुक्राणूसोबत आलेला सेंट्रोसोम (मायक्रोट्यूब्यूल्स नावाचे तंतू जिथून निघतात ते केंद्र) मागच्या कॉर्टेक्सजवळ पोचला की तिथलं आकुंचन ढिलं पडतं. कॉर्टेक्स पुढच्या दिशेने वाहू लागतो आणि पार-३, पार-६, पीकेसी-३ या पुढच्या टोकाच्या प्रथिनांना सोबत नेतो. पीकेसी-३ पार-२ला फॉस्फेट लावून पटलावरून उतरवतं. ते हटलं की मागची जागा पार-२ला मिळते. सेंट्रोसोमच्या मायक्रोट्यूब्यूल्सना चिकटलेलं पार-२ या फॉस्फेटपासून वाचतं, त्यामुळे सुरुवातीलाच त्याला पाय रोवता येतो. दोन्ही प्रोन्यूक्लिअस (अंड्याचं आणि शुक्राणूचं केंद्रक) भेटेपर्यंत पार-२च्या भागाची सीमा साधारण मध्यावर आलेली असते. विभाजनानंतर मागच्या, लहान पी१ पेशीत पार-२ जातं, पुढच्या एबी पेशीत नाही.

काळजी कधी करायची? भेटीनंतरही सगळ्या कॉर्टेक्सवर सारखीच चमक असेल तर पीकेसी-३ किंवा पार-६ची बाजू तपासा. दोन्ही टोकांना टिकून राहिली तर ऑरोरा ए, म्हणजे एआयआर-१ हे प्रथिन, कमी पडलंय का ते बघा. तुलनेसाठी पीकेसी-३चं आरएनएआय (आरएनए देऊन जनुक गप्प करण्याची पद्धत) लावा: पार-२ सगळीकडे पसरायला हवं. पार-२च्याच आरएनएआयमध्ये जीएफपी नाहीसं झालं नाही, तर तुम्ही बघताय ती भ्रूणाच्या स्वतःच्या चमकेची पार्श्वभूमी आहे.

सर्वांत जास्त फसगत फोकसमुळे होते. कॉर्टेक्सच्या वरच्या पातळीवर नुसता पसरलेला डाग दिसतो, सीमा कुठे आहे ते कळत नाही. भ्रूणाच्या मधल्या पातळीवर या. भ्रूण साधारण ५० मायक्रोमीटर लांब आणि ३० रुंद असतं, तिथे कडेची बारीक चकाकती रेघ मिळते. दर १० सेकंदांनी एक फ्रेम पुरते. लेझर जास्त लावलात तर विभाजन अडखळतं. केंद्रकाचं आवरण फुटतं तो क्षण शून्य धरा आणि सगळ्या फिल्म त्यावर जुळवा. वेळ न जुळवता काढलेली सरासरी मी तरी वाचणार नाही.

मिओसिसच्या काळातलं भ्रूण दाबाला आणि क्षारांच्या बदलाला फार नाजूक असतं, कवच अजून पूर्ण झालेलं नसतं. त्या वयाचं हवं असेल तर अ‍ॅगारोज पॅडवर चेपू नका. समतोल क्षारांच्या द्रवात, २० मायक्रोमीटरच्या मण्यांवर कव्हरस्लिप टेकवा. दोन टक्के अ‍ॅगारोजचा पॅड नंतरच्या भ्रूणांसाठी.

पार-२ पीआयई-१ प्रमोटरच्या (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) जुन्या ट्रान्सजीनमधून, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकातून, बनत असेल तर किडे २५ अंशांवर वाढवा. कमी तापमानात तो ट्रान्सजीन गप्प होऊ शकतो. जास्त प्रमाणात बनणाऱ्या पार-२चा भाग सीमेपलीकडेही सरकतो, म्हणून मोजमापासाठी मूळ जनुकालाच टॅग केलेला स्ट्रेन वापरा.

पुढे चार पेशींपर्यंत चित्रण चाललं, तर पी१पासून झालेल्या पी२ पेशीत पार-२ तिच्या भगिनी पेशीला, ईएमएसला, लागून असलेल्या बाजूकडे गेलेलं दिसेल. तिथे ध्रुवतेची दिशा उलटते, हाही स्ट्रेनचा दोष नाही.