वरच्या मजल्याचा मंद शॉवर: पंप आधी की पत्र?

प्रश्न: पुण्यात अकरा मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ताबा मिळून साडेचार वर्षं झाली. शॉवरला पहिल्यापासूनच जोर नाही. प्लंबर म्हणतो गिझर बदला, पण गिझर चांगला चालतोय. शेजारच्यांनी गच्चीत टाकीजवळ स्वतःचा प्रेशर पंप बसवला, तेव्हापासून आमच्याकडे पाणी आणखीच कमी येतं. आम्हीही पंपाची परवानगी मागितली, तर सेक्रेटरी तोंडीच ‘नाही’ म्हणाले. वर ‘टॉप फ्लोअर घेताना माहीत नव्हतं का?’ हे ऐकवलं. मिस्टर म्हणतात, शॉवर नीट होईपर्यंत मेंटेनन्स भरायचाच नाही. काय करावं?

उत्तर: गिझरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. साठवणीचा गिझर स्वतः दाब तयार करत नाही. टाकीतून जेवढ्या जोराने गार पाणी आत येतं, तेवढ्याच जोराने गरम बाहेर ढकललं जातं. म्हणून आधी नुसत्या गार पाण्यावर शॉवर सोडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मग तेच गरम पाण्यावर करा. गार जोरात आणि गरम मंद असेल, तर दोष तुमच्या घरातला आहे: गिझरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा टँकर-बोअरच्या पाण्याचे क्षार साचलेत. तो खर्च तुमचा, आणि माझ्यासारख्या वकिलाचं काम तिथेच संपलं. दोन्ही मंद असतील, तर पुढे वाचा.

दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार (बार हे दाबाचं एकक) दाब मिळतो. गच्चीतल्या टाकीतलं पाणी तुमच्या शॉवरपासून तीनेक मीटरच वर असेल, तर तुमच्या वाट्याला जेमतेम पाव-अर्धा बार येणार. तिसऱ्या मजल्यावर त्याच टाकीचं पाणी धो धो येतं. त्यामुळे सेक्रेटरींचं बोलणं भौतिकशास्त्र म्हणून बरोबर आहे, पण कायदा म्हणून नाही. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत) पाण्याचे पंप, साठवणीच्या टाक्या आणि बाहेरच्या जलवाहिन्या यांची देखभाल सोसायटीने स्वखर्चाने करायची, असं लिहिलेलं आहे. तक्रार कुठे न्यायची याची यादीही त्यातच आहे. त्या यादीत सहकार न्यायालयापुढच्या विषयांत ‘असमान पाणीपुरवठा’ हा चक्क वेगळा विषय आहे. वरच्या मजल्याला अपवाद मला तिथे कुठे दिसलेला नाही. (उपविधींचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत मागून घ्या.)

शेजाऱ्यांचा पंप हा असमान पुरवठ्याचाच भाग आहे. गच्ची सामाईक आहे. सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय तिथे कोणीही स्वतःचं यंत्र बसवू शकत नाही. तुमच्या दोघांचं पाणी एकाच उतरत्या पाइपमधून येत असेल, तर त्यांचा पंप सुरू होताच तुमच्या वाट्याचं पाणीही तिकडेच ओढलं जाणार. पण म्हणून तुम्हीही गुपचूप पंप लावलात, तर सहकार न्यायालयात तुम्ही आणि ते एकाच माळेचे मणी. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. मोटर जप्त होते, नळजोडही तुटू शकतो. टाकीनंतरच्या पाइपवरचा पंप त्यात मोडत नाही. कमिटीतलं कोणी महापालिकेची भीती घातली, तर हे शांतपणे सांगा.

आता पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ती गोष्ट: ताबा मिळून साडेचार वर्षं. मला सगळ्यांत महत्त्वाची तीच वाटली. रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्यातल्या व्यवहारांच्या कायद्याच्या) कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवा पुरवण्यातला दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. वरच्या मजल्याला वापरण्याजोगा दाबच मिळू नये अशी टाकी आणि पाइपांची रचना हा सेवेतला दोष आहे, असं माझं मत. बिल्डर म्हणेल, ‘एवढा दाब देईन असं मी करारात कुठे लिहिलंय?’ युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तो खोडून काढण्याची संधीसुद्धा पाच वर्षांच्या आत लेखी कळवलं तरच मिळते. तुमच्याकडे सहा महिनेही उरलेले नाहीत, आणि सोसायटीतले सगळे एकमेकांशी भांडण्यात दंग. बिल्डरला याहून बरं काय हवं?

त्यात आणखी एक मेख असते. बऱ्याच करारांत असं कलम असतं की फ्लॅटधारकाने बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूमच्या पाइपांत किंवा पाण्याच्या जोडणीत फेरफार केला, तर दोषदायित्व, म्हणजे दोष दूर करण्याची बिल्डरची जबाबदारी, संपतं. तुमचा करार काढून ते कलम शोधा. सापडलं, तर आज पंप लावणं म्हणजे बिल्डरच्या हाती आयतं कोलीत देणं.

म्हणून पत्र आधी. बिल्डर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पोचपावतीसह, बादलीच्या नोंदी आणि दुसऱ्या एखाद्या प्लंबरचा लेखी अभिप्राय जोडून. व्हॉट्सअ‍ॅपवर सेल्सवाल्याला कळवलं, एवढ्यावर विसंबू नका. अकराव्या मजल्यावरच्या इतरांच्या सह्या मिळाल्या तर पत्राला वजन येईल, आणि पंपवाले शेजारी सही करायला तयार झाले तर सोन्याहून पिवळं. त्यांनाही पंप लावावा लागला हाच पुरावा. ३० दिवसांत काही हाललं नाही, तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते.

सोसायटीलाही त्याच दिवशी वेगळा अर्ज द्या. तोंडी नकाराला काही किंमत नाही. अर्ज कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवून निर्णय लेखी कळवावा लागतो. अर्जात स्वतःसाठी पंप मागू नका. वरच्या मजल्यांसाठी टाकीच्या निकासावर एकच सामाईक प्रेशर पंप बसवावा आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी मागणी करा. त्याआधी गच्चीतला तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, हे कमिटीच्या माणसासमोर पाहून घ्या. अर्धवट फिरवलेल्या व्हॉल्व्हवरून कोर्टापर्यंत जाणं नको.

हे सगळं होईपर्यंत थांबणं जमत नसेल, तर शॉवरचं तोंड बदला. कमी दाबावर चालणारा साधा हँड शॉवर मोठ्या पावसाळी शॉवरपेक्षा बरा चालतो, आणि त्यासाठी पाइपाला हात लावावा लागत नाही.

राहता राहिला मिस्टरांचा बेत. मेंटेनन्स अजिबात थांबवू नका. थकबाकीवर उपविधींनुसार वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं, सोसायटी सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते, आणि थकबाकीदार म्हणून नाव लागलं की सभेत तुमचं कोणी ऐकत नाही. फारच राग आला असेल, तर भरताना ‘पाणीपुरवठ्याबाबतची तक्रार कायम ठेवून’ असं सोबतच्या पत्रात लिहा आणि त्या पत्राची पोच घ्या.